लाल दिव्यावर माझी नजर आहे

रविवार, २ मार्च. दुपारी ४
यांनी नवा टीव्ही घेतल्यापासून रोजनिशी गॅरेजमध्ये, गाडीत बसून लिहिते. शटर खाली, म्हणून गाडीतला दिवा. उकडतं, म्हणून गाडीतला पंखा. चार ते सहा ही माझी वेळ. कोणी हाक मारायची नाही.
आज सकाळी गाडी सुरू झाली नाही. महिन्याभरात तिसऱ्यांदा. मुलगा फोनवर म्हणाला, आई, गाडी बावीस वर्षांची आणि तू अडुसष्टची, दोघींनी आता घरी बसा. पैज लावली. पुढच्या रविवारी ताईकडे पन्नास किलोमीटर स्वतः गाडी चालवत जाईन. नाही जमलं तर त्याने गाडी खुशाल विकावी.
ताईला फोनवर ऐकू येत नाही. गाडी गेली तर तिला भेटायला दर वेळी मुलाच्या सवडीची वाट बघायची. म्हणजे हरायची सोय नाही. पण हरतंय कोण? एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय.

सोमवार, ३ मार्च
बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर. सोडा, गरम पाणी, जुना टूथब्रश. चकाचक. (ब्रश जुना नव्हता, यांचा होता. त्यात आरडाओरडा करण्यासारखं काही नव्हतं.) मेकॅनिकने दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून गाडी सुरू करून दिली. तासभर फिरवली. प्रश्न मिटला.

मंगळवार, ४ मार्च
सकाळी किल्ली फिरवली. टक्. नुसतं टक्. पुन्हा मेकॅनिक, पुन्हा वायर.
आता अंदाजपंचे काम नाही. चार ते सहा शास्त्रीय निरीक्षण. किल्ली चालू, इंजिन बंद. (बंद गॅरेजमध्ये धूर करायला मी अडाणी नाही.) समोर बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा दोन्ही तास लागलेला. एकदाही विझला नाही. अर्थ स्वच्छ आहे: बॅटरी चार्ज होत नाही. दोष अल्टरनेटरचा.

बुधवार, ५ मार्च
टक्.
मेकॅनिक माझाच विद्यार्थी. विद्युतधारेच्या धड्यावर पस्तीसपैकी अकरा. म्हणे, बाई, इंजिन चालू असताना चौदा व्होल्ट येतायत, अल्टरनेटर ठणठणीत आहे, गाडी उभी असताना कोणीतरी करंट खातंय. म्हटलं, अकरा मार्कवाल्याने मला व्होल्ट शिकवू नयेत. बदल. मुकाट्याने बदलला.

गुरुवार, ६ मार्च
टक्. नवा अल्टरनेटरही सदोष निघाला. हल्ली कशातच राम नाही. म्हटलं, पट्टा बदल. पट्टा बदलला. जाताना तो पुटपुटला, आता बदलायच्या फक्त बाईच राहिल्या. मला ऐकू येतं. ताई वेगळी, मी वेगळी.

शुक्रवार, ७ मार्च
टक्. ठीक आहे, करंट खाणारा शोधू. बॅटरीला मीटर लावला, किल्ली चालू केली आणि एकेक फ्यूज काढून पाहिला. पंख्याचा फ्यूज काढल्यावर मीटरचा काटा धाडकन खाली आला. पण पंख्याशिवाय माझं डोकं चालत नाही, म्हणून लगेच परत बसवला. बाकी फ्यूज निर्दोष. चोर अजून मोकळाच आहे.

शनिवार, ८ मार्च. रात्री, स्वयंपाकघरात
साडेचारला मेकॅनिक न सांगता आला. शटर वर केलं आणि बघतच राहिला. किल्ली, दिवा, पंखा, वही, मी. म्हणाला, बाई, हे रोज? म्हटलं, रोज. किती वेळ? दोन तास. तो पायरीवर बसला. मग हळूच म्हणाला, इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवली की तो लाल दिवा लागणारच, बाई. कालच शोरूममधून आणलेल्या गाडीतही लागेल.
हे म्हणाले, मी मंगळवारीच सांगितलं होतं. तेव्हा मी टीव्हीच्या आवाजाबद्दल बोलत होते. कसं ऐकू येणार?
मेकॅनिकला दोन मार्क वाढवून दिले. काठावर पास. बॅटरी चार्ज करायला तो घेऊन गेलाय, पहाटे आणून बसवेल.
निश्चय: यापुढे रोजनिशी स्वयंपाकघरात.

रविवार, ९ मार्च. सकाळी ६.१०, गाडीत
पहिल्याच किल्लीला सुरू! काय आवाज! बंद करून ठेवली, कारण यांची दाढी व्हायचीय. विजयाची नोंद जागेवरच व्हायला हवी, म्हणून अपवाद. दहाच मिनिटं. पंखा फक्त एकवर. मुलाला काय काय सुनवायचं ते मुद्देसूद लिहून काढते. सतरा मुद्दे सुचतायत.

८.०५
टक्.

९.४०, बसमध्ये
दाढीला दोन तास लावणाऱ्या माणसाबरोबर विज्ञानाचं काही चालत नाही.
मुलाचा फोन आला. कुठे पोचलीस? म्हटलं, अर्ध्या वाटेवर. गाडी कशी चालतेय? म्हटलं, झकास, फक्त ड्रायव्हर वळणं जरा जोरात घेतो.
तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, मेकॅनिकला सांगून उद्या बॅटरी चार्ज करून घेतो, बुधवारी गिऱ्हाईक घेऊन येतो, चालवून बघेल आणि लगेच घेऊन जाईल.
चालवून बघेल म्हणे.
मंगळवारी चार ते सहा मी गाडीत बसणार आहे. पंखा तीनवर.