शेजारच्या मागावरची भाषा

शेजारच्या मागावरील बाईंस,
सविनय नमस्कार.

बंद पडलेल्या गिरणीचा इतिहास लिहिणारे मालकांपाशीच थांबतात. मागांच्या खडखडाटात तुम्ही आणि आमचे हे नुसत्या ओठांनी बोलत असा, ते कोण लिहिणार?

वाचा गेल्यापासून यांचे ओठ सतत हलतात. मी उशाशी पोथी वाचते. वाटे, यांचे नामस्मरण चालले आहे. काल तुम्ही आलात आणि खुदकन हसलात.

"अहो वहिनी, ते म्हणतायत, हिला म्हणावं, जरा दम घे!"

हेही हसले. माझ्याशी असे कधी हसले नव्हते.

मत्सर हा सहावा रिपू, हे मीच इतरांना समजावीत आले. तरीही तुम्हांला पुन्हा बोलावणार नाही, हे पत्रही धाडणार नाही. आरशासमोर बसून स्वतःचेच ओठ वाचायला शिकते आहे.

आपली नव्हे, यांचीच,
वहिनी