भर सभेत प्यालेलं पाणी

हार्मन्स फोर्ड, ओहायो
रविवार, ९ ऑगस्ट १८६८

प्रिय मेहेटाबेलताई,

तुला आणि आईला नमस्कार. माझी प्रकृती उत्तम आहे, जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे आता कसे आहेत?

भाऊ महापौर झाला म्हणून तू गावभर मॅपल साखर वाटलीस, तेव्हा हे तुला माझ्याकडूनच कळू दे. माझ्या कातडी कमावण्याच्या कारखान्यामुळे ओढा नासतो, अशी लोकांची ओरड होती. म्हणून मी भर सभेत पेलाभर पाणी पिऊन दाखवलं. टाळ्या पडल्या. पण ते पाणी ओढ्याचं नव्हतं, माझ्या विहिरीचं होतं.

काल ड्रुझिला नावाची विधवा भेटली. तिची मुलगी तापाने फणफणली आहे. मी विचारलं, "तिला पाणी कुठलं देता?"

"ओढ्याचंच की, महापौरसाहेब! तुम्ही स्वतः प्यालात, मग आम्ही कशाला भ्यायचं?"

मला मान वर करवेना. आज चर्चमध्ये उभं राहून सगळं कबूल केलं आणि कारखाना बंद केला. लोक वाट्टेल ते बोलले. बोलू देत.

मुलगी अजून डोळे उघडत नाही. आईला यातलं काही सांगू नकोस. फक्त रोजच्या प्रार्थनेत माझ्या नावाऐवजी त्या मुलीचं नाव घे. ॲबी.

तुझा,
ओबेड