आखाजीचा पितर आणि बाराचं वरण

डोणगाव, वैशाख शुद्ध षष्ठी, आखाजीनंतरचा तिसरा दिवस

ती. पुंजाजीभाऊ यांच्या सेवेशी, तुमच्या डोणगावच्या जावई पाहुण्याचा, म्हणजे पाहुण्याचं जेवढं शिल्लक आहे तेवढ्याचा, साष्टांग नमस्कार. तुम्ही, वहिनी आणि ती मारकी म्हैस सोनाळ्यात खुशाल असाल. माझी तब्येत चांगली आहे. घोर आहे तो तुमच्या बहिणीचा, पण ते ओळीनं सांगतो.

संक्रांतीनंतर नागपूरच्या डॉक्टरांनी अल्सरपायी माझ्या पोटाचे तीन हिस्से केले आणि दोन काढून घेतले, हे तुम्हाला कळलंच. (काढलेलं पोट पाहायला मिळेल का, असं मी विचारलं होतं. इतकी वर्षं राबलं बिचारं, निदान रामराम करावा म्हटलं. डॉक्टरांनी ऐकलं नाही.) माझ्या लग्नात तुमच्याच मांडवात मी एका बैठकीला चौदा पुरणपोळ्या उडवल्या आणि आचाऱ्यानं कढई पुन्हा चढवली, ते तुम्ही अजून सांगता. तोच मी आता अडीच चमचे वरणभातावर ढेकर देतो! भाऊ, खरं सांगतो, अडीच चमच्यांत माणसाचं पोट भरतं. रोज भरतं, आणि रोज मी थक्क होऊन चमच्याकडे पाहत बसतो. एकशेदहा किलोचा ऐंशीवर आलो. धोतर नेसताना कोण्या दुसऱ्याच माणसाला नेसवतो आहे असं वाटतं.

डॉक्टरांचं म्हणणं असं की दर दोन तासांनी खावं, थोडं खावं, घास चावून चावून पाणी करावा, जेवताना पाणी पिऊ नये आणि गोडाच्या वाटेला जाऊ नये, नाही तर टाक्यांबरोबर मीही उकलेन. हे त्यांनी एकदाच सांगितलं. तुमच्या मनकर्णानं उभ्या उभ्या पाठ केलं. दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण आदल्या संध्याकाळीच तिच्या डोक्यात उद्याची आठही जेवणं तयार असतात. सहाला मुगाचं कढण, आठला बिनसाखरेचं दूध, दहाला मऊ भात, काल दोडका झाला असेल तर आज भोपळा. मापाला देव्हाऱ्यातली नैवेद्याची वाटी घेतली आहे. सकाळी आधी देवाचं होतं, मग माझं. (देव इतक्यावर कसा भागवतो, हे कोडं मला पन्नास वर्षांनी सुटलं.) गजराचं घड्याळ वाजलं की मी पाटावर, आणि शेजारच्या बेबीताई त्याच गजरावर आपला भात उतरवतात.

मात्र ती माझ्यामागून, माझ्याच ताटात जेवते. ही रीत तुमच्याच घरून आली. आता माझ्या ताटात मागे राहतं काय, तर बोटभर वरण. चार महिन्यांत आमच्या चुलीवर तवा चढलेला मी पाहिला नाही. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊन राह्यल्या. विचारलं की म्हणते, "जेवली न मी." आणि भांडी घासायला जाते.

आता आखाजीचं ऐका. आमच्या गावच्या हिंमतरावांचे वडील गेले ते मोठे खाणारे होते, आणि महाराष्ट्र झाला त्या सालापासून त्यांच्या नावानं पितर म्हणून मीच बसतो. पितर पोटभर जेवला तर गेलेला बाप जेवला, तो अर्धपोटी उठला तर बाप अर्धपोटी, हे तुम्हाला काय सांगावं. यंदा मी नाहीच म्हणत होतो. पण हिंमतरावांच्या आई सुभद्राबाई स्वतः बोलवायला आल्या. म्हातारीला कसं नाही म्हणणार? गेलो. दोन घास मऊ भात घेतला आणि थांबलो. म्हातारी ताटाकडे पाहते, माझ्याकडे पाहते, आणि पदर डोळ्याला लावून माझ्यातल्या तिच्या नवऱ्याला म्हणते, "काऊन रागावले हो? माह्या हातचं कधी टाकलं नाही तुमी!"

भाऊ, माझ्यानं राहवलं नाही. तुपात बुडवलेल्या पुरणपोळीचे दोन घास गिळले. थोड्या वेळात दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, आणि मी बसल्या जागी डोलायला लागलो. कोणीतरी ओरडलं, "अंगात आले!" सगळं घर हात जोडून उभं! हिंमतरावांनी डोकं टेकवून विचारलं, "बाबा, दोन शेतांमधल्या धुऱ्यावरचा आंबा आपला का इंद्रभानचा?" मी वाऱ्यासाठी हात उगारला, तो नेमका त्यांच्या चुलतभावाकडे, इंद्रभानकडे गेला. तेव्हापासून आंबा इंद्रभानचा आहे.

तेवढ्यात मनकर्णा आली. एका हातात घड्याळ, एका हातात वाटी. तिनं मला आडवं केलं, तोंड पुसलं, माझा श्वास खाली बसेपर्यंत कोणाला जवळ येऊ दिलं नाही, आणि साऱ्या भावकीला म्हणाली, "पितर असो का कोनी असो, यायले बाराले वरनच लागते." मी पडल्या पडल्या तिच्याकडे पाहत होतो. बत्तीस वर्षं ही बाई माझ्या घरात आहे आणि मी पाहत होतो फक्त ताटाकडे, भाऊ! सुभद्राबाईंनी तिला जेवायला बस म्हटलं, तर म्हणे, "यायचं झाल्यावर पाहू." आणि न जेवताच मला घरी घेऊन आली.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचे पाहुणे,
माणिकराव

ता. क. पत्र एवढ्यासाठी की तुम्ही या. आई आजारी आहे असं काही खोटं सांगा आणि तिला सोनाळ्याला न्या. समोर बसवून भाकरी खाऊ घाला. पोट माझं कापलं, तिचं नाही, तरी ती माझ्याच पोटानं जेवून राह्यली. मले भेव वाटते, भाऊ. माझं मी पाहीन, कढण येतं मला.

आणखी एक. तिला यातलं काही कळू देऊ नका. पत्र पेटीत टाकायला तिच्याच हाती देतो आहे, पण पाकीट भाताची शितं लावून पक्कं बंद केलं आहे.

भाऊले मनकर्णाचा नमस्कार. शितं ओली होती. मी उपाशी नाही. बेबीताईकडे रोज दीड भाकर खाते. घरी भाकर भाजली का यायच्या डोळ्यात पानी येते, मंग हे भिंतीकडे तोंड करून बसतात. म्हनून तवाच तिकडे नेऊन ठेवला. यायले सांगू नका. बांगड्या ढिल्या झाल्या त्या घोरानं. पन तुमी या. यायचं वरन मी बेबीताईले शिकवलं. चार महिने झाले, मी दोन गजरांच्या मधात उभ्यानं खाऊन राह्यली. आठ दिवस मले पाटावर बसवा, आन् वहिनीले म्हना, मी नाही म्हटलं तरी वाढ.