मानपूरच्या टेकडीवरचं प्रश्नचिन्ह

इंदूर,
रविवार, १९ फेब्रुवारी २००६

प्रिय मोनाली,

सप्रेम जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, यातच माझं अर्धं काम झालं. आपण बोललो त्याला दोन वर्षांवर दोन महिने झाले. दोष कुणाचा हे उगाळायला बसलेलो नाही. तो माझा आहे, आणि तेवढं पहिल्याच ओळींत लिहून टाकतो, नाहीतर पानभर इकडचं तिकडचं लिहीन आणि तेच राहून जाईल. तू माझ्याशी पुन्हा बोलावंस एवढ्यासाठी हे पत्र आहे. आजच का, ते क्रमाने सांगत जातो. क्रम सोडून मला काही सांगता येत नाही हे तुला ठाऊकच आहे.

तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचंही वय झालं. आपल्या ओळीतली तीन घरं रिकामी झाली. प्रमोदिनीबाई गेल्या दिवाळीत मुलाकडे सिमरोलला राहायला गेल्या, जाताना तुळशीची कुंडी माझ्या दारात ठेवून गेल्या. मिलचा भोंगा बंद होऊन तीन वर्षं झाली तरी मी साडेपाचला उठून बसतो आणि मग दिवसभर काय करायचं ते सुचत नाही. भाजी तीन ठेल्यांवरून घेतो, बटाटे एकाकडे, मिरची दुसऱ्याकडे, कोथिंबीर तिसऱ्याकडे. तेवढीच तीन माणसांशी बोलणी होतात. एकटं वाटतं, मोनाली. हे मी आजवर कुणाला म्हटलं नव्हतं, तुझ्या आईच्या फोटोलासुद्धा नाही.

उपग्रहावरून जागा दाखवणारं ते पिवळं यंत्र घेऊन तू आलीस तेव्हा मिलला कुलूप लागून तीन महिने झाले होते. कंपनीने तुला वर्षभर अमेरिकेला धाडलं होतं, तिथून तू हा जिओकॅशिंगचा नाद घेऊन आलीस. जगभर लोकांनी डबे लपवलेत, वेबसाइटवर त्यांचे अक्षांश-रेखांश दिलेत, उपग्रहाला वाट विचारत जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे ठेवून परत यायचं. मी म्हणालो, रिकामटेकड्यांचे धंदे. तू म्हणालीस, मग सध्या तुमच्याहून लायक माणूस कोण आहे? त्या रविवारी आपण सिमरोलच्या पुढे एका नाल्याकाठी गेलो आणि दगडाच्या कपारीतला डबा तुझ्याआधी मला दिसला. मिल बंद झाल्यापासून बाबा पहिल्यांदा हसले, असं तू घरी येऊन आईच्या फोटोला सांगितलंस. मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं.

पुण्याला परत जाण्याआधी तू ते यंत्र माझ्यापाशी ठेवलंस आणि मला भंवरकुआंच्या सायबर कॅफेत बसवून सगळं शिकवलंस. डब्यांचे प्रकार दाखवलेस. हिरव्या चिन्हाचा तो ट्रॅडिशनल, जिथे सांगितलाय तिथेच डबा. मल्टीमध्ये एका जागी गेलं की दुसऱ्या जागेचा पत्ता मिळतो. व्हर्च्युअलमध्ये डबाच नसतो. आणि निळं प्रश्नचिन्ह म्हणजे मिस्टरी, आधी घरी बसून कोडं सोडवायचं, मग खरी जागा कळते. तू म्हणालीस, बाबा, गोंधळायला नको म्हणून सध्या फक्त ट्रॅडिशनलवर खूण ठेवा, बाकीचे दिसणारच नाहीत. वेबसाइटवर ठेवलीस, आणि शोधाची यादी मेलवर मागवून ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची त्यातही तीच गाळणी लावून दिलीस. मला ते फार पटलं. एकोणतीस वर्षं फोल्डिंग खात्यात टेबलापुढे उभा राहून मी दुसरं काय केलं होतं? ताग्यामागून तागा बघायचा, चांगला तो चालू माल इकडे, डागी तो सेकंड तिकडे, तुकडे निघाले तर फेंट, त्याहून लहान ती चिंधी. एकदा शिक्का मारला की त्या कापडाकडे पुन्हा वळून बघायचं नाही. शिवाय कोडी मला कधीच आवडली नाहीत. माणसानं सरळ बोलावं.

आता सरळ बोलतो. तुझ्या लग्नाला मी आलो नाही. गेटवर धरणं चालू आहे, मशिनं हलवायला ट्रक येणार आहेत, मी हललो तर बाकीचे काय म्हणतील, असं मी फोनवर सांगितलं. तू म्हणालीस, मिल मेली आहे बाबा, मढ्यापाशी किती दिवस बसणार? मी म्हणालो, मग मीही मेलो समज, पुन्हा फोन करू नकोस. त्यानंतर तू दोनदा केलास आणि दोन्ही वेळा आवाज ऐकून मी ठेवून दिला. तुझे दिनानाथमामा पुण्याला जाऊन माझ्या जागी उभे राहिले म्हणून महूला त्यांच्याकडेही जाणं सोडलं. खरी गोष्ट वेगळी आहे. गेटवर त्या आठवड्यात आम्ही मोजून चौघे होतो, आणि ट्रक आलेच नाहीत. तुझ्या नवऱ्याच्या, अर्पितच्या घरातली माणसं मोठ्या हुद्द्यावरची. त्यांच्या मांडवात कुणी विचारलं असतं, आपण काय करता, तर मी काय सांगणार होतो? मला लाज वाटली. तुझी नाही, माझीच. पण राग काढला तो तुझ्यावर.

त्यानंतर मी रोज त्या सायबर कॅफेत जाऊ लागलो. आमच्या मिलचे टाइमकीपर बाबूराव आता तो चालवतात. कोचिंगची पोरं परीक्षेचे निकाल बघतात, आणि कोपऱ्यातल्या चार नंबरच्या संगणकावर मी. इंदूरच्या आसपास डबे होते पाच-सहाच, ते सापडून संपले. मी जायचो ते तुझ्यासाठी. तुझ्या नावावर टिचकी मारली की तू कुठे काय शोधलंस आणि त्याखाली काय दोन ओळी लिहिल्यास ते दिसायचं. सिंहगडाच्या पायथ्याशी काटा लागला, भोरला अर्पितची चप्पल तुटली. तुझं पत्र आल्यासारखं मी ते वाचायचो. मग पुढल्या पावसाळ्यात तुझ्या ओळी थांबल्या. वाटलं नाद सुटला असेल, किंवा आजारी असशील. विचारायचं कुणाला? तरी रोज जाऊन बघायचो. तू लपवलेल्या डब्यांची वेगळी यादी असते, ती मात्र मी कधी उघडली नाही. तू शोधणारी, लपवणारी नव्हेस, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

गेल्या आठवड्यात बाबूरावांनी चार नंबरचा जुना संगणक काढून नवा बसवला. सॉफ्टवेअर नव्याने टाकलं आणि माझं जुनं सगळं पुसलं गेलं. यादी नव्याने मागवताना प्रकारावर खूण करायची राहिली. यादी उघडली आणि बाबूराव माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, नरेंद्रभिया, तेरा फिल्टर उड़ गया, बघ किती रंगीत झालं, अब तो पूरी दुनिया दिखेगी. मी चिडून पुन्हा हिरवी खूण करायला गेलो तेवढ्यात मानपूरजवळ एक निळं प्रश्नचिन्ह दिसलं. नाव होतं फोल्डिंग खाते. लपवणाऱ्याच्या जागी तुझं नाव, तारीख २४ डिसेंबर २००४. खाली शून्य भेटी. तू चौदा महिन्यांपूर्वी आग्रा-मुंबई रस्त्यावरून मानपूरपर्यंत आली होतीस आणि घरी आली नाहीस, हे मला संगणकावर कळलं. बाबूरावांनी चहा मागवला, तो निवून गेला.

कोडं इंग्रजीत होतं, पण ते जगात एकालाच सुटणारं होतं. तू विचारलं होतंस, माझ्या वडिलांच्या बिल्ल्याचा नंबर काय. सकाळच्या पाळीचा पहिला भोंगा किती वाजता. डब्यात ते पोळ्या किती नेत, आणि विचारलं की सांगत किती. असं कोडं वेबसाइटवाल्यांनी मंजूर तरी कसं केलं कुणास ठाऊक. प्रत्येक उत्तर म्हणजे खऱ्या जागेच्या अक्षांश-रेखांशातला एक आकडा. मी एकेक आकडा लिहीत गेलो आणि हसत होतो, मी कमी पोळ्या नेऊन जास्त सांगायचो हे तुझ्या लक्षात होतं याची मला कल्पना नव्हती. शेवटचा प्रश्न होता, माझ्या शाळेच्या गॅदरिंगला ते किती वेळा आले. मी लिहिलं, चार.

दुसऱ्या दिवशी बसने मानपूरला उतरलो आणि यंत्राने नेलं तिकडे गेलो. बोरीच्या काट्यांत तीन तास फिरलो, एकेक दगड उलटून बघितला, धोतराचा सोगा फाटला. डबा नाही. थकून बसलो तेव्हा चारही वर्षं नीट आठवायला लागलो. तू परीची टोपी घातली होतीस ते मी पाहिलं होतं. बाकी तीन वेळा मी येतो म्हणालो होतो. डबल पाळी लागली होती, आई एकटीच गेली होती, आणि तिने घरी येऊन इतकं रंगवून सांगितलं होतं की मी स्वतः पाहिल्यासारखंच माझ्या डोक्यात बसलं. चारच्या जागी एक घातला तेव्हा यंत्राने पलीकडची टेकडी दाखवली, तिथून अर्ध्या कोसाहूनही कमी. खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या झाडाखाली, तीन सपाट दगडांच्या आड डबा होता.

मग माझ्या ध्यानात आलं की वेबसाइट प्रत्येकाच्या नावापुढे तो शेवटचा कधी येऊन गेला ते दाखवते. म्हणजे तुला रोज दिसत होतं, बाबा काल आले, बाबा आजही आले. तुला वाटलं असणार, बघतात रोज, आणि तरी येत नाहीत. दोनदा फोन ठेवून दिला म्हणून तू तिसऱ्यांदा केला नाहीस. मला चालेल अशा एका वाटेने तू हाक मारलीस, आणि मी तूच लावून दिलेली गाळणी अडीच वर्षं काढली नव्हती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. परतताना, दोन वर्षांत पहिल्यांदा, महूला दिनानाथांकडे गेलो. त्यांनी दार उघडलं आणि काही न विचारता पाणी दिलं. मी तुझा पत्ता तेवढा मागून घेतला. ते पुढे सांगायला लागले तर त्यांना थांबवलं, बाकीचं तिच्याकडूनच ऐकेन म्हणालो.

डब्यातल्या वहीत पहिलं नाव माझं झालं. तिच्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत तुझी चिठ्ठी होती आणि एक फोटो. पावसाचं पाणी आत गेलं होतं. चिठ्ठी पेन्सिलीची म्हणून वाचता आली. तू लिहिलं होतंस, बाबा, तुम्हाला नात झाली आहे, अडीच महिन्यांची आहे, मी तिला घेऊन मामांकडे आले आहे. तिचं नाव अजून ठेवलेलं नाही, ते तुम्ही ठेवायचं म्हणून थांबले आहे. दोन जानेवारीपर्यंत वाट बघते, नाही आलात तर समजून जाईन. मोनाली, मी नाही म्हणालो नव्हतो. मला दिसलंच नव्हतं. फोटोत दुपट्याची निळी किनार आणि तुझी बोटं तेवढी राहिली आहेत, चेहरा पाण्याने पुसून गेला. ती आता चालायला लागली असेल, आणि दोन जानेवारीनंतर तुम्ही तिला नाव ठेवलंच असणार. जे ठेवलंत ते चांगलंच असेल. मला यायला सांग किंवा सांगू नकोस, तो हक्क तुझा आहे. पण तुम्ही तिला काय म्हणून हाक मारता, तेवढं एका ओळीत कळव.

उशिरा का होईना, तुझाच,
बाबा