हाफ-डे की फुल-डे

२ नोव्हेंबर, रविवार
सोलची तिकिटं आली. गंधाली दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी तिकडे गेली ती गेलीच, म्हणून आता पाच दिवस आम्हीच लेकीकडे. नीलाने चकलीची भाजणी काढली. मी नकाशा काढला. शुक्रवारी उत्तर कोरियाची सीमा बघायची. टूर दोन. हाफ-डेमध्ये उत्तरवाल्यांनी खणलेला बोगदा आणि पलीकडे बघायची दुर्बीण, दुपारी एकला परत. फुल-डेमध्ये शिवाय झुलता पूल. निर्णय शांत डोक्याने घेणार.

५ नोव्हेंबर, बुधवार
एक्सेल शीट तयार. चौदा कॉलम. अख्ख्या मुलुंडमध्ये असा अभ्यास कोणी केला नसेल. नीलाने विचारलं, यात गंधाली कुठल्या कॉलममध्ये आहे? तिला स्ट्रॅटेजी कळत नाही. सध्या कल हाफ-डेकडे. गुडघ्यांचा काही संबंध नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
चौथ्या मजल्यावरच्या शिवदासने लिफ्टमध्ये अटारी बॉर्डरचं पुराण पुन्हा लावलं. किती वेळ होतास, विचारलं. दोन तास म्हणाला. मनातल्या मनात हसलो. फुल-डे फायनल.

८ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ६
झुलत्या पुलाचा सराव. सोसायटीच्या बागेतल्या झोपाळ्यावर उभा राहिलो. दादू वॉचमन म्हणाला, काका, हा बारा वर्षांखालच्यांसाठी आहे. उतरलो. झोपाळा मागून आला. कंबरेला आयोडेक्स. सराव यशस्वी.

१० नोव्हेंबर, सोमवार
गंधालीचा फोन, घाईघाईत. ऑफिसात कसलंसं लाँच आहे, रोज घरी यायला दहा वाजतात. म्हणाली, बाबा, शुक्रवारचा हाफ-डे घेतलाय, कसाबसा मिळाला.
मला न विचारता! चौदा कॉलमची ही किंमत. फोन ठेवला आणि दोन फुल-डे बुक करून टाकले. रद्द होत नाहीत, हे उत्तम. नीलाला तिथे गेल्यावर सरप्राइज.

१९ नोव्हेंबर, बुधवार, सोल
थंडी फार. गंधाली काल आली तेव्हा मी झोपलो होतो. आज उठलो तेव्हा ती गेली होती. नीला म्हणते, बोलता बोलता पोरीचा बसल्या जागी डोळा लागला.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सरप्राइज दिलं. नीलाने बुकिंग दोनदा वाचलं. मग म्हणाली, अहो, तिने टूरचा हाफ-डे नाही घेतला, रजेचा घेतलाय. उद्या दुपारी ती आपल्यासाठी घरी येणार आहे. आठवड्यात तेवढीच मोकळी आहे. तुम्ही जा, मी काही येत नाही.
बँकेत एकतीस वर्षं लोकांचे हाफ-डे मंजूर केले मी. मला शिकवते. गंधालीने नीट सांगायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ७
बसमध्ये. शेजारची सीटही माझीच. ऐसपैस.

दुपारी १२.१०
बोगदा आणि दुर्बीण झाली. हाफ-डेवाले उतरून दुसऱ्या बसकडे निघाले. मीही त्यांच्यात सहज मिसळलो. गाइडबाईंनी दंडाला धरून परत आणलं. यादी वाचून दाखवली. फुल-डे, फुल-डे, म्हणाल्या.

दुपारी ३
पूल लांब आहे. हलतो. अलीकडूनच नीट दिसतो. सगळ्यांच्या बॅगा सांभाळल्या.

संध्याकाळी ६.३०
दार उघडलं तर दोघी जमिनीवर बसलेल्या, पुढ्यात चकल्या, हसून हसून डोळ्यांत पाणी. काय झालं, विचारलं. गंधाली सांगायला लागली, पुन्हा हसू फुटलं, तिला पुढे बोलता येईना. शेवटी म्हणाली, जाऊ दे बाबा, तू हवा होतास रे.
पुलाचं कोणी विचारलं नाही. उद्या सकाळचं विमान.