गच्चीवरच्या टबात दोन उंदीर

बिझर्त, शुक्रवार

आदरणीय लल्ला झोहरा हिला धाकट्या भावाचा, लझारचा सलाम. तुझे गुडघे काय म्हणतात? आणि भावजींचा खोकला? (ते सिगारेट शिवणयंत्राच्या खणात लपवतात, हे तुला सांगणार नाही असा मी त्यांना शब्द दिला आहे.) इकडे माझं बरं चाललं आहे, पण मध्ये जे झालं ते तुला सविस्तर कळवायलाच हवं.

तुझी नात इनेस समुद्रापलीकडे लिओंला शिकायला जाताना आपल्या दोन पाळीव उंदरांची वाटणी करून गेली. काळा झैतून मला, बदामी लूज खालच्या मजल्यावर मोंजीला. मी म्हटलं होतं, अगं, सख्खे भाऊ आहेत, एकत्र ठेव. त्यावर ती कार्टी म्हणाली, "सख्खे भाऊ या घरात कुठे एकत्र राहतात, आजोबा?" (पाण्याच्या टाकीवरून माझी नि मोंजीची बोलचाल बंद आहे, ते तू दोन्ही बाजूंनी ऐकलं आहेस. माझी बाजू खरी.)

झैतून आधी मजेत होता. मग कोपऱ्यात अंग फुगवून बसायला लागला, शिंकायला लागला, बडीशेपेचा कोवळा देठ दिला तरी तोंड फिरवायचा. एका सकाळी बघतो तर डोळ्यांभोवती लाल! मला वाटलं रक्तच. त्याला लोकरी टोपीत घालून मी बंदराजवळच्या डॉक्टरीण निझीहाबाईंकडे धावलो. (तिथे एक बाई मांजर घेऊन बसली होती. तो प्रसंग लिहीत नाही.) निझीहाबाईंनी ओल्या कापसाने डोळे पुसले आणि म्हणाल्या, रक्त नाही हे, उंदीर आजारी असला किंवा मनातून खचला की डोळ्यांतून असं लाल पाणी येतं. शिंकांचं खापर त्यांनी पिंजऱ्यातल्या लाकडाच्या भुशावर फोडलं. तो टाकून कागदाचे तुकडे घाला म्हणाल्या, औषध दिलं. मग विचारलं, हा एकटाच असतो का? उंदराला म्हणे माणूस पुरत नाही, अंग चाटायला, अंगावर अंग टाकून झोपायला त्याच्या जातीचंच कुणीतरी लागतं.

"याला भाऊबिऊ नाही का?"

"आहे," मी म्हटलं, "पण आमचं बोलणं नाही."

बाईंनी झैतूनची टोपी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, मग आता बोला.

काय करणार, खाली जाऊन मोंजीचं दार वाजवलं. त्याने उघडलं तर हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला लूज, त्याचेही डोळे लाल. मला बघताच म्हणाला, "टाकी हलणार नाही." मी म्हटलं, "टाकी मरू दे. आधी याला डॉक्टरकडे ने."

दोघांची औषधं संपल्यावर बाईंनी सांगितलं, आता ते एकमेकांना विसरले असतील, तेव्हा दोघांपैकी कुणाचीच नाही अशा जागी गाठ घाला. आपल्या घरात अशी जागा कुठली? गच्चीवर आईचा लोकर धुवायचा टब होता, त्यात सोडले. लल्ला, काय सांगू! केस फुलवून आडवे आडवे चालले, मागच्या पायांवर उभे राहून गुद्दागुद्दी केली, किंचाळले, आणि झैतूनने लूजला उताणा पाडला. मोंजी हात घालणार तोच मी त्याचं मनगट धरलं. म्हटलं, बाईंनी सांगितलंय, रक्त निघत नाही तोवर मध्ये पडायचं नाही, मोठा कोण ते ठरवताहेत.

"ते ठरायला किती वेळ लागतो?" मोंजीने विचारलं.

"माणसांपेक्षा कमी."

आणि खरंच, थोड्या वेळाने झैतून लूजचा कान चाटू लागला, लूजने डोळे मिटले. मग एकावर एक पडून दोघं झोपले. कुणाची शेपटी कुठली ते कळेना, म्हणून आम्ही वाकून बघत राहिलो. तिसऱ्या प्रहरी अस्रची अजान झाली तेव्हा मोंजी चिलगोजे घातलेला चहा घेऊन आला. हल्ली पिंजरा जिन्यात, दोन मजल्यांच्या मध्ये असतो.

तुझा लझार

ता. क. इनेस ईदला येऊन दोघांना घेऊन जाणार म्हणते. ती तुझं ऐकते. तिला सांग, लिओंची थंडी त्यांना सोसायची नाही. (निझीहाबाई म्हणतात सोसेल. ते मात्र सांगू नकोस.)

ता. क. दुसरा, मोंजीकडून: लल्ला, हे पत्र मी वाचलं. लूज उताणा पडलाच नव्हता, त्यानेच झैतूनला पाडलं. याच्या बाकी कशावर विश्वास ठेवू नकोस. इनेसचं तेवढं याने लिहिलंय तसंच कर.