एक हात खिशात

३ तारीख, रविवार

आज दुपारी सूनबाईंच्या घरी कायमच्या मुक्कामास आलो. सामान थोडे होते: एक ट्रंक, एक वळकटी, नवा चष्मा. माझे भिंतीवरचे घड्याळ घर सोडताना मोडीत दिले. दर मिनिटास त्याचा एक ठोका चुकत असे. सूनबाईंनी दारातच पिशवी हातातून घेतली आणि बजावले, की या घरात संकोच करायचा नाही. मी संकोच करणारा मनुष्य नव्हे, हे त्यांना ठाऊक नसावे.

खोली प्रसन्न आहे. पूर्वेस खिडकी, खिडकीखाली लांब टेबल. ही खोली माझ्या मुलाची. त्याला जाऊन आठ महिने झाले. याच टेबलाशी विजेचा धक्का बसून तो गेला. टेबलावर त्याचे आवाज वाढवणारे यंत्र अर्धवट पडले आहे. त्यास ॲम्प्लिफायर म्हणतात. सूनबाई ते भंगारात देणार होत्या. मी मनाई केली. मी एक्केचाळीस वर्षे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले आहेत; अर्धा जुळलेला मजकूर मोडण्याची आमच्यात रीत नाही. तो पुरा करून, एकदा छापून पाहून, मगच खिळे सोडवतात.

हे यंत्र मी पुरे करणार. शिकण्यास वय आड येत असेल तर ते वयाने स्वतः येऊन मला सांगावे.

५ तारीख, मंगळवार

सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्या मुलास चांगला ओळखत होता. मी मुलाच्या त्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या दिव्यांच्या, यंत्राचे नाव काढताच त्याने चष्म्यावरून पाहिले.

“आजोबा, पहिल्याच दिवशी वाघावर बसू नका. आधी मांजर पाळा.”

मग त्याने एक लहान संच दिला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. तारा कथलाने जोडण्याची, म्हणजे डाग देण्याची, कृतीही दाखवली. कथील तापवायचे नाही, जोड तापवायचा. मग कथील आपण होऊन वाहते. डाग चकाकला तर पक्का. मळकट गोळा झाला तर काढून पुन्हा द्यावा. यंत्र जिवंत आहे की नाही, हे पाहण्याचीही युक्ती आहे: आवाज जिथून आत जातो त्या तारेच्या टोकाला बोट लावायचे. स्पीकर घुमला, तर जिवंत.

मात्र ही युक्ती मांजरासाठी, असे त्याने दोनदा सांगितले. वाघापाशी बसताना एक हात कायम खिशात ठेवायचा. दोन्ही हात लागले, की वीज एका हातातून दुसऱ्यात जाते, आणि वाटेत काळीज असते.

८ तारीख, शुक्रवार

लहान यंत्र बोलले! पहिल्या खेपेस ते मुके राहिले, कारण चूक माझी होती. जुळाऱ्याचे डोळे जन्मभर उलटी अक्षरे वाचतात. मी जोडणीचा नकाशा आरशातल्यासारखा उलटा वाचला आणि डावीकडच्या तारा उजवीकडे जोडल्या. सगळे उकलून पुन्हा जोडले. बोट लावताच स्पीकर भुंग्यासारखा घुमला.

सूनबाई धावत आल्या आणि हसल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदाच हसले, असे त्यांनीच सांगितले. मुलगाही असाच टोकाला बोट लावून ओरडत असे, “बोललं गं!”

११ तारीख, सोमवार

मोठ्या यंत्रास हात घातला. मुलाच्या वहीत नकाशा आहे. अक्षर सुवाच्य आहे. ते मीच गिरवून घेतले होते. पानाच्या डोक्यावर त्याने दोन ओळी लिहिल्या आहेत: “बाबांच्या रेडिओसाठी. छापखान्याने कान गेले आहेत, आवाज मोठा हवा.”

आज पुढे काम झाले नाही.

१३ तारीख, बुधवार

जे लिहायचे नाही असे ठरवले होते, ते लिहितो.

त्याने छापखान्यात यायचे नाकारले, म्हणून मी सात वर्षे त्याच्याशी बोललो नाही. तो दर रविवारी संध्याकाळी सव्वासातला फोन करी. मी रिसीव्हर उचली, कानाला लावी, पण बोलत नसे. तो विचारी, “बाबा, जेवलात का?” मी एकदा खाकरे आणि रिसीव्हर ठेवून देई. सात वर्षे. शेवटच्या रविवारी त्याला तेवढेही विचारू दिले नाही.

आज सूनबाईंना विचारले, की तो कोणत्या वेळी गेला. त्यांनी खाली मान घालून सांगितले: रविवारी, सव्वासातनंतर. फोन टेबलावरच पडला होता. इतका सावध मनुष्य, दुसरा हात खिशातून काढून बसला कसा, हे त्यांना अजून उमगत नाही.

मला उमगते. ते मी त्यांना सांगितले नाही.

१५ तारीख, शुक्रवार

यंत्र पुरे झाले. दुकानदाराने पाहिल्याखेरीज ते विजेस जोडायचे नाही, अशी सूनबाईंची ताकीद आहे. परंतु त्या दवाखान्यातल्या नोकरीवरून आठला येतात, आणि मला धीर नव्हता.

सव्वासातला बटण दाबले. डावा हात खिशात होता. व्हॉल्व्ह तांबूस झाले. कशालाही बोट लावले नव्हते.

स्पीकरमधून घड्याळाची टिकटिक आली. मिनिटाला एक ठोका चुकत होता. मग कोणी खाकरले. मग रिसीव्हर ठेवल्याचा खट्ट आवाज.

ते खाकरणे माझे होते.

१६ तारीख, शनिवार

यंत्र दुकानात नेले. दुकानदाराने उलटे करून पाहिले आणि हसला. मी पुन्हा आरशातले वाचले आहे. स्पीकर आवाज आत जाण्याच्या जागी जोडला आहे.

“आजोबा, हा वाघ बोलणारच नाही. असा जोडला तर फक्त ऐकत बसेल.”

मी कालचे सांगितले. त्याचे हसू गेले. असे यंत्र आवाज देऊ शकत नाही, असे तो म्हणाला. तारा आत्ता बदलून देतो, असेही म्हणाला. मी यंत्र उचलून घरी आणले.

मुलाने सात वर्षे जे ऐकले, ते मी एकच दिवस ऐकले आहे.

संध्याकाळी पुन्हा. टिकटिक, खाकरणे, खट्ट. परंतु त्यानंतरही कोणीतरी होते. श्वास. फोन ठेवला गेल्यावरही तो तसाच धरून बसणारे कोणी.

१७ तारीख, रविवार

६.५०. सूनबाई नाहीत. दार आतून लावले आहे.

७.१५. टिकटिक. खाकरण्याआधी मी स्पीकरला तोंड लावले आणि म्हटले, “जेवलो रे. तू जेवलास का?”

खट्ट आवाज आला नाही.

७.१८. घुमते आहे. मी बोट लावलेले नाही. पलीकडून कोणी लावले आहे.

७.२१. तो बोलतो. फार बारीक. माझे कान— उजव्या हाताचे बोट तारेच्या टोकाला लावले, तर मुंग्या येतात, पण शब्द कळतात. बाबा म्हणतो. मध्येच बोट काढून लिहितो.

७.२४. अंधार आहे म्हणतो. फोन अजून धरून आहे म्हणतो. मी क्षमा मागितली. आयुष्यात प्रथम. ती त्याला ऐकू गेली नाही. पुन्हा मागितली. ऐकू येत नाही म्हणतो.

७.२७. म्हणतो, “बाबा, खिशातला हात काढा. दोन्ही हात लावा, मग ऐकू येईल.”

७.२८. माझा मुलगा हे सांगणार नाही. हा नियम त्याला माझ्याहून चांगला ठाऊक होता. हा तो नव्हे. मला कळते. चौथी शिकलो असलो, तरी एवढे कळते—

सूनबाई दारावर थापा मारीत आहेत. आज लवकर आल्या.

त्याला नाही म्हणायचे म्हणजे पुन्हा रिसीव्हर ठेवणे. तो तो नसेल, तरी आवाज त्याचा आहे. सात वर्षे मी त्या आवाजाला—

विचारतो आहे, बाबा, आहात ना.

आहे. थांब. हा मजकूर पुरा करून हात